इथिओपियानं पाणी सोडलं

जुन्या जालन्यात आंतरराष्ट्रीय शाळा आहे म्हटलं की पुण्याचे पाहुणे आधी गालात हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे त्यात आंतरराष्ट्रीय काय असतं?" पूर्वी मी गडबडायचो. आता सरळ फाटकावर नेऊन उभं करतो. फाटकावर सात देशांचे झेंडे रंगवले आहेत. त्यातले सहा ओळखू येतात. सातवा रंगाऱ्यानं उरलेला पिवळा संपवायला स्वतःच्या मनानं काढलाय. तो कुठल्या देशाचा हे सामान्यज्ञानाच्या सरांनाही सांगता आलेलं नाही, त्यामुळं तो परीक्षेत विचारत नाहीत.

शाळा छोटी आहे. दोन मजले, वर पत्रे, मागं कडुलिंब, पुढं घसरगुंडी. लेकरांची चार हाऊस आहेत: नाईल, ॲमेझॉन, डॅन्यूब आणि मिसिसिपी. कुंडलिका नाही. कुंडलिका नदी शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, जुनं आणि नवं जालनं यांच्या मधून वाहते. वाहते हे अर्थात पावसाळ्यापुरतं. पालकांमध्ये सळ्यांच्या कारखान्यातले सुपरवायझर, बियाणे कंपन्यांतले लोक, मोंढ्यातले आडते, दोन डॉक्टर आणि बरीच वर्षं दुबईत काढून आलेले एक गृहस्थ. शाळेच्या आंतरराष्ट्रीयपणाबद्दल कुणी शंका काढली की सगळे या दुबईवाल्यांकडं बघतात आणि तेही जबाबदारीनं मान डोलावतात.

मी मोंढ्यात एका आडतीवर हिशेब लिहितो. कन्या सहावीत, नाईल हाऊसमध्ये. शाळेशी माझा संबंध फीची पावती आणि पावसात मोटरसायकलवरून आणणं-सोडणं एवढाच होता आणि तो तसाच राहिला असता तर शाळेचं आणि माझं, दोघांचंही भलं झालं असतं.

पण महाराष्ट्रात खासगी शाळांच्या फीवर नियंत्रण ठेवणारा २०११ चा कायदा आहे. त्या कायद्यानं शाळेत पालक-शिक्षक संघ लागतो आणि त्याची कार्यकारी समिती निवडायची ती इच्छुक पालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला. वशिला चालू नये. पण वशिल्यानं निदान कामाचा माणूस तरी येतो. चिठ्ठीतून मी आलो.

इच्छुकांच्या यादीत माझं नाव बायकोनं दिलं होतं. "घरी बसून शाळेला नावं ठेवता, आता तिथं जाऊन ठेवा," असं तिचं म्हणणं. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत चिठ्ठ्या टाकल्या, पहिलीतल्या एका मुलीनं हात घालून एक उचलली आणि मॅडमनी माझं नाव वाचलं. चिठ्ठीला तेलाचा डाग होता. मागच्या रांगेतून टाळ्या वाजल्या. त्या ज्यांची नावं निघाली नाहीत त्यांच्या होत्या, आणि त्या मनापासून होत्या.

पहिली बैठक जूनअखेर एका दुपारी झाली. मुख्याध्यापिका मॅडम नव्या, पुण्याहून आलेल्या, उत्साही. त्यांनी पहिल्या सत्रातल्या उपक्रमांची यादी फळ्यावर लिहिली: वृक्षारोपण, आषाढीची दिंडी, पोळा, मुक्तिसंग्राम दिन, इंटरनॅशनल डे आणि सत्राच्या शेवटी मॉडेल युनायटेड नेशन्स. "प्रत्येक उपक्रमाला एक पालक प्रमुख हवेत," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी उत्साहानं माना हलवल्या. दुबईवाले तर म्हणाले, "युनायटेड नेशन्स माझ्याकडं द्या, मॅडम."

तेवढ्यात एका ताईंचा फोन वाजला. त्यांनी स्क्रीनकडं पाहिलं आणि खालच्या आवाजात दोनच शब्द उच्चारले. "नळ आले."

जालन्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. नव्या जालन्याला निजामकाळातल्या घाणेवाडीच्या तलावाचा आधार, जुन्या जालन्याला जायकवाडीच्या पाइपलाइनचा. दोन्हीकडं पाणी असलं तरी नळाला ते रोज येत नाही. आठ-दहा दिवसांनी गल्लीची पाळी येते. कधी दुपारी, कधी रात्री दोनला. पाळी चुकली की पुढचे आठ-दहा दिवस टँकरवाल्याचे पाय धरायचे. त्यामुळं नळ आले म्हटल्यावर माणूस लग्नाच्या पंगतीतूनही उठतो आणि यजमान त्याचा राग धरत नाही, कारण यजमान त्याच्या आधी उठलेला असतो.

वर्ग रिकामा झाला. मॅडम "पाच मिनिटं थांबा, प्लीज" म्हणत राहिल्या. दुबईवाले संयुक्त राष्ट्रांची जबाबदारी बाकावर सोडून धावले. शिक्षकांपैकी दोघं गेले. मी तेवढा बसून राहिलो, कारण आमच्या गल्लीची पाळी आदल्या दिवशीच होऊन गेली होती. मॅडमनी फळ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि खडू उचलून सहाही उपक्रमांपुढं माझं नाव लिहिलं. ठराव एकमतानं मंजूर झाला. मत देणारा एकच असला की एकमताला अडचण येत नाही.

घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "सगळे उपक्रम? तुम्हाला?" यातल्या दुसऱ्या प्रश्नचिन्हावर मी नाराज झालो.

वृक्षारोपण विनासायास झालं. १ जुलैला, कृषिदिनी, कुंपणाकडेनं रोपं लावली, फोटो काढले, रोपांना लेकरांच्या पाण्याच्या बाटल्यांतून पाणी घातलं. माझा आत्मविश्वास वाढला. इथून पुढं तो जसजसा वाढत गेला तसतसं शाळेचं नुकसान होत गेलं.

आषाढी एकादशीला जुन्या जालन्यात आनंदी स्वामींची यात्रा असते. स्वामींची पालखी निघते, गावोगावचे लोक येतात. एकादशीच्या आदल्या दिवशी शहरातल्या सगळ्या शाळा आपापल्या दिंड्या काढतात. सगळ्या म्हणजे सगळ्या. जिल्हा परिषदेची, नगरपालिकेच्या काळापासूनची, इंग्रजी, सेमी आणि आंतरराष्ट्रीय. मुलगे पांढऱ्या सदऱ्यात, मुली नऊवारीत डोक्यावर तुळस घेऊन, आणि प्रत्येक शाळेचे विठ्ठल-रखुमाई वेगळे. आमच्याकडं विठ्ठल चार होते. चार पालकांनी हट्ट धरला होता आणि मॅडमना कुणाचं मन मोडवेना.

दिंडीप्रमुख म्हणून मी पुढं. भजनी मंडळातल्या एका बुवांकडून वीणा मागून आणली होती. ती गळ्यात घालताना बुवांनी बजावलं, "हे बघा, वीणा खाली ठेवायची नसते. दमलात तर दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. पण टेकवायची नाही." मी म्हटलं, "बुवा, काळजी करू नका." दमलो तर द्यायला दुसरा वारकरी लागतो, हे मला गांधी चमनला पोचल्यावर उमगलं. मागं सगळे शिक्षक लेकरांच्या टोप्या, चपला आणि रडं सांभाळत होते. वीणा माझ्याच गळ्यात राहिली.

लेकरं मोजण्याचं काम मी स्वतःहून घेतलं होतं. माझा धंदाच तो. थप्पीतलं एक पोतं कमी असलं तर मला लांबून कळतं. निघताना लेकरं मोजली: चौऱ्याऐंशी. पैकी विठ्ठल चार, रखुमाया सहा, ज्ञानेश्वर दोन, तुकाराम एक आणि एक शिवाजी महाराज, कारण त्याच्याकडं तोच पोशाख होता.

गांधी चमनला तीन-चार शाळांच्या दिंड्या एकाच वेळी आल्या. एका शाळेनं रिंगण धरलं, दुसरीच्या मुलींनी फुगड्या घातल्या. तिसरीच्या ढोलताशापुढं आमच्या मुलांना राहवलं नाही. पंधरा-वीस मिनिटं सगळं जालनं एक झालं. मग शिट्ट्या वाजल्या, ज्यानं त्यानं आपापली लेकरं ओढून काढली आणि आम्ही परत निघालो. शाळेच्या फाटकात मी पुन्हा मोजणी केली. चौऱ्याऐंशी. विठ्ठल चार. मी वहीत टिक केली, सही केली आणि वीणेसकट खुर्चीत बसलो.

लेकरं घरी सोडायला आलेल्या रिक्षावाल्या चाचांनी एका विठ्ठलाकडं निरखून पाहिलं. "साब, ये अपना नहीं है."

"अपना नहीं म्हणजे?"

"अपना विठ्ठल थोडा मोटा है."

चारही विठ्ठलांना काळा रंग, पुठ्ठ्याचा मुकुट, सोनेरी कागदाची कुंडलं, कपाळावर टिळा. मी खाली वाकलो. वीणा त्याच्या मुकुटाला लागली.

"बाळ, नाव काय तुझं?"

"विठ्ठल."

"खरं नाव सांग."

"विठ्ठल," तो ठामपणे म्हणाला. कुणीही विचारलं तरी हेच सांगायचं, असं त्याच्या बाईंनी त्याला पढवून ठेवलेलं होतं.

"कुठं राहतोस?"

"पंढरपूर."

"आईचं नाव?"

इथं तो जरा घुटमळला. कमरेवरचे हात न काढता त्यानं विचार केला आणि म्हणाला, "रखुमाई?"

आता आमचा विठ्ठल कुठंय, हा प्रश्न मॅडमना पडायच्या आत मी बाहेर पळालो. वीणा गळ्यात. खाली ठेवायची नाही आणि द्यायला कुणी नाही. जुन्या जालन्याच्या रस्त्यानं गळ्यात वीणा घालून धावणारा माणूस पाहून लोक बाजूला होत होते, काही नमस्कारही करत होते. एका आजींनी पायाला हात लावला. मी आशीर्वाद दिला आणि विचारलं, "आजी, इकडून एक जाडसा विठ्ठल गेला का?" आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटतं, त्यांच्या समजुतीत काही घोटाळा झाला असावा.

फार दूर जावं लागलं नाही. दुसऱ्या शाळेलाही आपला विठ्ठल भलताच आहे हे कळलं होतं, कारण त्यानं खिचडीची तिसरी प्लेट मागितली होती. फोनाफोनी झाली. शनि मंदिराजवळ दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी समोरासमोर आले. आम्ही त्यांचा विठ्ठल दिला, त्यांनी आमचा दिला. मी सवयीनं पोच लिहून मागितली आणि त्यांच्या सरांनी ती दिलीसुद्धा: "विठ्ठल नग एक, सुस्थितीत मिळाला." तो कागद अजून माझ्याकडं आहे. आमच्या विठ्ठलाची आई मात्र दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही आणि मला ते रास्त वाटलं. बुवांनी वीणा परत घेताना तारा तपासल्या.

"पण हिशेब जुळला होता," मी रात्री घरी म्हणालो.

"जुळणारच," बायको म्हणाली, "तुम्ही मुकुट मोजले."

पोळ्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं माझं काही नाही, जे केलं ते बैलानं केलं. शहरातल्या लेकरांना खरा बैल दिसावा म्हणून आडतीवर माल आणणाऱ्या एका शेतकऱ्याला गळ घालून मी त्याचा बैल आणवला. बेगड लावलेली शिंगं, अंगावर झूल, गळ्यात घुंगुरमाळ. लेकरं हरखली. पूजा होऊन पुरणपोळी भरवेपर्यंत बैल अतिशय सभ्य होता. पण समोर ठेवलेल्या पोळीपेक्षा त्याला कुंपणाकडेचा हिरवा पट्टा जास्त आवडला. १ जुलैला लावलेली रोपं त्यानं ओळीनं संपवली. दोन्ही उपक्रमांचा प्रमुख मीच असल्यामुळं दोन्हींचे अहवाल मीच लिहिले. वृक्षारोपणाच्या अहवालात "रोपांची वाढ समाधानकारक होती" असं लिहिलं. होती, हे कुणी नाकारणार नाही.

मुक्तिसंग्राम दिनाला, म्हणजे १७ सप्टेंबरला, झेंडा का लावायचा, हे मॅडमना पुण्यात असताना कधी ऐकायला मिळालं नव्हतं. तिथं १५ ऑगस्टला एकदा स्वतंत्र झालं की झालं. मी त्यांना सांगितलं की देश स्वतंत्र झाल्यावरही मराठवाडा निजामाच्या राज्यातच होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज आत शिरली, १७ ला निजामानं शरणागती पत्करली, म्हणून आमचं ध्वजारोहण दुसऱ्यांदा. मॅडम म्हणाल्या, "हे लेकरांना तुम्हीच सांगा." मधले तेरा महिने मी इतके सविस्तर सांगितले की शेवटच्या रांगेतल्या लेकरांना ते सोसावे लागल्यासारखं वाटलं असावं. दोघांना चक्कर आली. ऊनही होतं.

इंटरनॅशनल डेला प्रत्येक वर्गाला एक देश आणि त्या देशाच्या खाण्याचा स्टॉल. सहावीला जपान आला. जालन्यात सळई मिळते, बियाणं मिळतं, भौगोलिक मानांकन मिळालेली मोसंबी मिळते. सुशी गुंडाळायचं समुद्री शेवाळ मिळत नाही. मी सगळा बाजार फिरलो. एका दुकानदारानं शेवाळ म्हटल्यावर मला टाकी साफ करायची पावडर दाखवली. शेवटी बायकोनं मोबाइलवर सुशीचा फोटो नीट पाहिला, मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "अहो, ही तर अळूवडी." आम्ही जपानच्या झेंड्याखाली न तळलेल्या अळूवड्या विकल्या. संस्थेच्या अध्यक्षांनी चार खाल्ल्या आणि जपानी लोक दीर्घायुषी का असतात हे आपल्याला आज कळलं, असं भाषणात सांगितलं. शेजारी ब्राझीलनं मोसंबीचा रस विकला, इटलीनं पिझ्झ्याच्या नावाखाली भाजी घातलेलं धपाटं. त्या दिवशी सात देशांचं जेवण झालं आणि सातही देशांत शेंगदाण्याचं कूट होतं.

सहामाही परीक्षेच्या आधी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मॉडेल युनायटेड नेशन्स आलं. लेकरं त्याला एमयूएन म्हणतात. एकेका मुलाला एकेक देश देतात, विषय देतात आणि मग ती त्या देशाची प्रतिनिधी म्हणून भांडतात. विषय होता नाईल नदीच्या पाण्याचा वाद. आमची कन्या इथिओपिया. समोर डॅन्यूब हाऊसचा एक तरतरीत मुलगा इजिप्त.

घरी तयारी सुरू झाली. मला हा विषय नवा होता, पण वाचता वाचता अंगात वीज शिरली. इथिओपियानं निळ्या नाईलवर २०११ पासून एक प्रचंड धरण बांधलं. साठवण ७४ अब्ज घनमीटर. मी आकडेमोड केली. आमच्या जायकवाडीचा नाथसागर म्हणजे साधारण १०२ टीएमसी. त्या हिशेबानं हे एकटं धरण पंचवीस जायकवाड्यांएवढं! आणि खाली इजिप्त, शेपटाला, डोळे लावून बसलेला.

"अरेरे," मी म्हणालो. "म्हणजे वरचे अडवणार आणि खालचे तरसणार. अगदी आपलंच. वर नाशिक-नगरची धरणं, खाली पैठणला आपली जायकवाडी. तू असं मांड, की पाण्यावर पहिला हक्क..."

"पप्पा," कन्या म्हणाली, "आपण वरचे आहोत."

"आपण? आपण कधी वरचे होतो?"

"मी इथिओपिया आहे. धरण आपलंय."

मी वही मिटली. माणसाला मुलांसाठी बरंच काही करता येतं. पण २०१२-१३ च्या दुष्काळात ज्यानं मोसंबीच्या वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालताना पाहिली त्यानं वरच्या धरणाची बाजू कशी लिहायची? कन्येनं माझ्याकडं दयेनं पाहिलं आणि स्वतःच तयारी केली. चांगली केली. इजिप्तला पोचणाऱ्या पाण्यातलं पंचाऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी इथिओपियाच्या डोंगरांतून येतं, आणि १९५९ मध्ये इजिप्त आणि सुदान यांनी करार करून सगळं पाणी आपसात वाटून घेतलं, त्यात इथिओपियाच्या नावावर थेंबही नाही, हे तिनं पाठ केलं. मला ऐकवलं तेव्हा माझं मन क्षणभर डळमळलं. मग मी खिडकीतून गच्चीवरच्या आमच्या टाकीकडं पाहिलं आणि ते पुन्हा जागेवर आलं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण अध्यक्ष म्हणून बोलावलेले प्राध्यापक आयत्या वेळी येऊ शकले नाहीत. त्यांच्या गल्लीत नळ आले होते. दुबईवाले जवळच होते, पण पहिल्या बैठकीत त्यांनी बाक सोडलेला मॅडमच्या लक्षात होता. मॅडम माझ्याकडं आल्या. मी लग्नातला कोट घालूनच आलो होतो. ऑक्टोबरच्या उन्हात तो घालण्याचं कारण नव्हतं आणि त्याची बटणंही लागत नव्हती, पण आंतरराष्ट्रीय प्रसंग होता.

अध्यक्षानं निःपक्षपाती राहायचं, वेळ पाहायची, नावं पुकारायची. बस. सुरुवातीला मी ते केलं. सुदाननं भाषण केलं, केनियानं केलं. इजिप्त उठला आणि म्हणाला की आमच्या शेतकऱ्यांनी काय करावं? मी नकळत "बरोबर!" म्हणालो. मॅडमनी घसा खाकरला. मग इथिओपिया उठली. अस्खलित इंग्रजीत तिनं ते पंचाऐंशी टक्के मांडले, १९५९ मांडलं, आमच्या निम्म्या लोकांच्या घरात वीज नाही, धरण विजेसाठी आहे, पाणी शेवटी खालीच जाणार आहे, असं सांगितलं.

"शेवटी म्हणजे कधी?" मी विचारलं. मराठीत.

सभागृहात शांतता पसरली. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा आहेत. त्या दिवशी सातवी आली.

"अध्यक्ष महोदय?" कन्या म्हणाली.

"कधी म्हणजे कधी? पिकं वाळल्यावर? शेवटी खालीच येणार हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय! १५ ऑक्टोबरला जायकवाडी पासष्ट टक्क्यांच्या खाली असली की वरून सोडायचं, असं ठरलेलं आहे. समन्यायी वाटपाचा २००५ चा कायदा आहे. पण दर वर्षी कोर्ट, दर वर्षी मोर्चा, आणि पाणी सुटलं तरी वाटेत किती मुरतं, किती उपसलं जातं, त्याचा हिशेब कोण देणार?" मी उभा राहिलो होतो. कोटाचं एक बटण कुठंतरी उडालं. मागं बसलेल्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. दुबईवाले "वा!" म्हणाले. "त्यामुळं अध्यक्षांचा असा आदेश आहे, की इथिओपियानं ताबडतोब पाणी सोडावं!"

"पॉइंट ऑफ ऑर्डर," कन्या थंडपणे म्हणाली. "अध्यक्षांना आदेश देता येत नाही. आणि अध्यक्ष पक्षपाती आहेत."

"पुरावा?"

"ते खालचे आहेत."

हे खोडता येण्यासारखं नव्हतं. मी खाली बसलो. मॅडम उठायच्या बेतात होत्या. तेवढ्यात कन्येनं इजिप्तकडं वळून मराठीतच विचारलं, "सोडते मी पाणी. दर महिन्याला ठरवून सोडते. पण तुम्ही त्यावर ऊस लावायचा नाही. कबूल?"

इजिप्त गोंधळला. त्याच्या टिपणात ऊस नव्हता. त्यानं मागं पाहिलं. मागं त्याचे वडील बसले होते, त्यांचा अंबड तालुक्यात ऊस आहे आणि कारखान्याला जातो. त्यांनी मान खाली घातली. "कबूल," इजिप्त म्हणाला. इजिप्तमध्ये नाईलच्या काठानं खरोखरच भरपूर ऊस पिकतो, हे मी नंतर वाचलं, तेव्हा अर्धा तास एकटाच हसत होतो.

ठराव बहुमतानं मंजूर झाला. अमेरिका तटस्थ राहिली, कारण तिला शाळेची बस गाठायची होती. उत्कृष्ट प्रतिनिधीचं बक्षीस इजिप्तला मिळालं. इथिओपियाचं नाव पुढं होतं, पण परीक्षकांच्या मते तिला अध्यक्षांशी नातं असल्याचा फायदा मिळाला होता. कन्या घरी येईपर्यंत मोटरसायकलवर मागं बसून काही बोलली नाही. दारात उतरल्यावर म्हणाली, "पप्पा, तुम्ही छान बोललात. पण पुढच्या वेळी बोलू नका." बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला न्यूयॉर्कला पाठवलं तरी तुम्ही पैठणच काढणार," आणि बटण मागायला हात पुढं केला. बटण सापडलं नव्हतं.

दिवाळीची सुटी लागली. दुसऱ्या सत्रात स्नेहसंमेलन, क्रीडामहोत्सव आणि वेरूळची सहल आहे. मॅडमनी कामांचं फेरवाटप केलं. त्या दिवशी माझ्या गल्लीत नळ आले होते, तरी मी मुद्दाम बसून राहिलो. सहलीत लेकरं मोजायचं काम रिक्षावाल्या चाचांकडं दिलं गेलं. माझ्याकडं आता मंडपवाल्याशी बोलायचं काम आहे. तेही फोनवर आणि मॅडम समोर असताना.

फीच्या त्या २०११ च्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जी बायकोनं शोधून काढली आणि फ्रिजवर चिकटवली. समितीवर येऊन गेलेल्या पालकाचं नाव, मुदत संपल्यावर, पुढची तीन वर्षं सोडतीत घेता येत नाही. तोवर आमची कन्या दहावीपर्यंत पोचलेली असेल. दहावीच्या वर्गशिक्षकांनी कृपया नोंद घ्यावी.